क्योतो : बाजारातलं थिएटर आणि फडक्यातून गाळलेली कॉफी

[दृश्य : सकाळ. छताखालची अरुंद बाजारपेठ. भाजीचे क्रेट, मासळीवरचा बर्फ, सायकली.]

क्योतोच्या उत्तर भागात कामो आणि ताकानो या नद्यांचा संगम होतो. तिथून चालत पाच मिनिटांवर देमाची मासुगाता ही बाजारपेठ आहे. भाजीवाला, मासळीवाला, आणि त्यांच्याच रांगेत एक थिएटर, देमाचीझा. तळमजल्यावर कॅफे आणि पुस्तकं. पडदे दोन, एक तळघरात, एक वरच्या मजल्यावर.

[दृश्य : ताकासे कालवा, जुन्या शाळेची इमारत.]

या थिएटरचं मूळ शहराच्या मध्यात आहे. इनाबाता कात्सुतारो हे क्योतोचे व्यापारी रंगाईचं शिक्षण घ्यायला फ्रान्समधल्या लिआँला गेले, तेव्हा ऑग्युस्त ल्युमिएर त्यांच्याच शाळेत होते. त्या ओळखीतून इनाबातांनी सिनेमॅटोग्राफ, म्हणजे ल्युमिएर बंधूंचं सिनेमा टिपायचं आणि दाखवायचं यंत्र, जपानला आणलं आणि 1897च्या सुरुवातीला क्योतोत त्याची चाचणी घेतली. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं 7 जुलै 1896ला दाखवली गेली होती, म्हणजे आपण थोडे आधी.

चाचणीच्या त्या जागेवर पुढे रिस्सेई प्राथमिक शाळा उभी राहिली. ती 1993मध्ये बंद झाली. 2013 ते 2017 तिथल्याच एका वर्गात सिनेमे लागत, आणि ते बंद झाल्यावर त्याच मंडळींनी डिसेंबर 2017मध्ये देमाचीझा उघडलं.

[दृश्य : प्रोजेक्शन रूम. हातात हार्ड डिस्क.]

अशा थिएटरला जपानमध्ये ‘मिनी थिएटर’ म्हणतात. मोठ्या साखळ्या ज्यांना दारात उभं करत नाहीत, ते सिनेमे इथे लागतात. दिग्दर्शक स्वतःच डिस्क घेऊन येतो, आणि बहुतेक घोळ या डिस्कपासूनच सुरू होतात.

थिएटरला लागते डीसीपी, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल यांचा ठरावीक पद्धतीने बांधलेला संच. घरच्या कॉम्प्युटरवर भरलेली डिस्क थिएटरचा सर्व्हर कित्येकदा ओळखतच नाही, कारण त्याला लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क हवी असते.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती लगेच दिसत नाही. कॅमेरा सेकंदाला 23.976 फ्रेम टिपतो, डीसीपी 24ने चालते. चित्राचा वेग वाढवला आणि आवाजाचा वाढवायचा राहिला, तर 90 मिनिटांच्या सिनेमात शेवटाला तब्बल 5.4 सेकंदांचा फरक पडतो. पहिल्या मिनिटाला सगळं ठीक वाटतं. म्हणून चाचणीत सुरुवात पाहून समाधान मानू नका, शेवटची दहा मिनिटं पाहा.

आवाजाचंही तसंच. खोलीतल्या छोट्या स्पीकरवर मिक्स केलेले संवाद थिएटरात दबतात. मग ऑपरेटर आवाज चढवतो आणि पुढच्याच दृश्यातला ट्रॅफिक कानठळ्या बसवतो. हे मिक्सिंगच्या वेळीच थिएटरात बसून ऐकायला हवं, नंतर इलाज नाही.

[दृश्य : कॅफेच्या काउंटरवर पत्रकांचा गठ्ठा.]

जाहिरातीला पैसा नसतो. त्याची जागा घेतं ‘चिराशी’, म्हणजे सिनेमाचं पत्रक. आकार बी-5, 182 बाय 257 मिलिमीटर. पुढे चित्र, मागे कथा आणि कलाकार. खाली एक पट्टी कोरी ठेवतात, म्हणजे प्रत्येक थिएटरला आपलं नाव आणि तारखा तिथे छापता येतात. ही पट्टी विसरली की गावागणिक स्टिकर चिकटवत बसा. कॅफेत पत्रकं ठेवताना आधी मालकाला विचारायचं, वीस-तीसच द्यायची, आणि सिनेमा उतरला की उरलेली स्वतः उचलायची. हे न करणाऱ्याला पुढच्या वेळी जागा मागायला तोंड राहत नाही.

2020मध्ये कोविडमुळे थिएटरं बंद पडली, तेव्हा देशभरातल्या मिनी थिएटरांसाठी लोकवर्गणीतून 33 कोटी येनहून अधिक रक्कम उभी राहिली. इतकं प्रेम असूनही क्योतोचं मिनामी काइकान हे मिनी थिएटर 2023मध्ये बंद झालं. ती पोकळी अजून जाणवते.

[दृश्य : लाकडी टेबलं, पिवळा दिवा, कॉफीची वाफ.]

सिनेमा सुटला की बोलायला जागा हवी. ती जागा म्हणजे किस्सातेन, जुन्या धाटणीचं कॉफीघर. फ्रान्सुआ 1934चं. इनोदा 1940पासून. इनोदात कॉफी मुळात दूध-साखर घालूनच येत असे, कारण गिऱ्हाईक गप्पांत रंगे, कॉफी निवे आणि साखर विरघळत नसे.

[दृश्य : अगदी जवळून : कापडी गाळणी, पाण्याची बारीक धार.]

अशा अनेक घरांत कॉफी फलाटीनच्या (फ्लॅनेलच्या) कापडातून गाळतात, ‘नेल ड्रिप’. नवं कापड आधी उकळून खळ काढायची. साबण कधीच लावायचा नाही, वास बसतो. गाळण्याआधी कापड पिळून टॉवेलात दाबायचं, नाहीतर त्यातलं पाणी कॉफीत उतरतं. एका कपाला गडद भाजलेली, जाडसर दळलेली 20 ते 25 ग्रॅम पूड आणि 80 ते 85 अंशांचं पाणी. थेंबाथेंबाने सुरुवात, पूड फुगेपर्यंत थांबायचं, मग मधोमध बारीक धार. धार कडेला गेली तर पाणी पुडीला न शिवता कापडातून निसटतं आणि कप पांचट होतो.

रात्री कापड धुऊन स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात, पाणी रोज बदलतात. वाळू द्यायचं नाही. वाळलं की धाग्यांत राहिलेलं कॉफीचं तेल खवट होतं, आणि सकाळच्या पहिल्याच कपात ते कळतं.