उडी न मारणारा गोलकीपर

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

कार्यक्रम समितीनं मला सांगितलं, "या गावाबद्दल दहा मिनिटं बोला." आता न्यूर्नबर्गचा किल्ला आणि नाताळचा बाजार तुम्ही पाहुण्यांना इतक्या वेळा दाखवला असेल, की त्यावर मी वेगळं काय सांगणार? म्हणून या गावातला मला सगळ्यांत आवडणारा माणूस घेऊन आलोय. त्याचा वाढदिवसही संक्रांतीच्या तोंडावरच येतो, ११ जानेवारीला. साल १८९६. नाव हाइनरिश श्टूलफाउट, जर्मनीचा फुटबॉल गोलकीपर. गाव त्याला हाइनर म्हणायचं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने असले की घरात जेवायला माणूस सापडायचा नाही. शाळेच्या संघात मी गोलात उभा राहायचो. मैदान मुरमाचं, त्यामुळे कोपर आणि गुडघे बारा महिने सोललेले. जेवढी लांब उडी, तेवढी मोठी शिट्टी, एवढंच आम्हाला ठाऊक. इथं आल्यावर हाइनरविषयी वाचलं, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी उलटं सांगताना दिसलं. चांगल्या गोलकीपरला अंग झोकून द्यावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं सांगतात. उडी मारायची पाळी आली याचा अर्थ तू आधीच चुकीच्या जागी उभा होतास.

डोक्याला सपाट टोपी, अंगात राखाडी स्वेटर, असा हा माणूस गोलपोस्टाला चिकटून राहायचाच नाही. आपले बॅक पुढे गेले की हा पेनल्टी एरिया सोडून बाहेर यायचा आणि चेंडू पायानं परतवायचा. १९१२ पासून गोलकीपरला स्वतःच्या पेनल्टी एरियाबाहेर हात लावायला बंदी होती, त्यामुळे बाहेर आलं की तो तिसरा बॅकच. आज आपली मुलं जर्मन गोलकीपर मानुएल नॉयरला हे करताना बघतात आणि टाळ्या पिटतात. हाइनरनं ते शंभर वर्षांपूर्वी केलं.

आणि कोणत्या चेंडूनं केलं, तेही बघा. आमच्या घरमालकांनी एकदा तळघरातून त्यांच्या वडिलांचा चेंडू वर आणला. जाड चामड्याच्या पट्ट्या, आत ब्लॅडर, आणि ते आत घालायला ठेवलेली फट बुटासारखी नाडीनं आवळलेली. घरमालकांनी तो बादलीत बुडवला आणि माझ्या हातात दिला. पाणी पिऊन तो असा जड झाला होता की छातीशी धरल्यावर शर्ट भिजला आणि नाडीची गाठ हाताला बोचली. हाइनरच्या काळी आजच्यासारखे फोमचे हातमोजे नव्हते. वर समोरच्या फॉरवर्डनं गोलकीपरला खांद्यानं ढकलणं नियमात बसत होतं. पावसात असला चेंडू उडी मारून धरण्यापेक्षा त्याच्या वाटेवर आधीच जाऊन उभं राहणं किती शहाणपणाचं, हे मला त्या दिवशी कळलं.

हाइनर १९१६ साली, महायुद्ध चालू असताना, क्लबात आला. या गावात नुसतं 'क्लुब' म्हटलं की १. एफ. सी. न्यूर्नबर्ग, दुसरं काही नाही. १९३३ पर्यंत तो तिथेच राहिला, सहाशेहून जास्त सामने. या काळात क्लुब पाच वेळा जर्मनीचा विजेता झाला: १९२०, १९२१, १९२४, १९२५ आणि १९२७. अंतिम सामन्यांचे निकाल ऐका. २-०, ५-०, २-०, १-०, २-०. पाच फायनलमध्ये बारा गोल केले आणि खाल्ला एकही नाही. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा मोजले.

या यादीत १९२२ नाही, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८ जून, बर्लिन, समोर हँबर्ग. नव्वद मिनिटांनंतर २-२. तेव्हा पेनल्टीवर निकाल लावायची पद्धत नव्हती, बदली खेळाडू नव्हते. खेळत राहायचं, एवढंच. १८९ मिनिटं झाली, अंधार पडला, चेंडू दिसेना, तेव्हा पंच पेको बाउवेन्स यांनी सामना थांबवला. तीन तासांहून जास्त! ६ ऑगस्टला लाइपझिगला पुन्हा फायनल. तिथं १-१. क्लुबचे दोघे बाहेर काढलेले, दोघे जायबंदी, मैदानात उरले सात. सातजणांना पुढे खेळता येईना, म्हणून तोही सामना अर्धवट राहिला. पुढे जर्मन फुटबॉल महासंघानं हँबर्गला विजेता ठरवलं आणि हँबर्गनं ते पद सोडून दिलं. त्या वर्षीच्या विजेत्याची जागा आजही मोकळीच आहे.

आता शेजारच्या फ्युर्थचं. आपल्यापैकी कितीतरी जण तिथं राहतात, यू-बानमधून, म्हणजे मेट्रोतून, उतरलं की फ्युर्थ. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे १८३५ साली याच दोन गावांमध्ये धावली. त्यानंतर ८९ वर्षांनी, १९२४ च्या एप्रिलमध्ये, हॉलंडविरुद्ध खेळायला निघालेल्या जर्मन संघात सगळेच्या सगळे खेळाडू क्लुब आणि फ्युर्थचा क्लब या दोघांचेच होते, आणि ते गेले वेगवेगळ्या डब्यांतून! एकमेकांशी बोलणं नाही. गोल फ्युर्थच्या आउअरनं केला, जर्मनी १-० जिंकली, आणि त्याचं कौतुक फ्युर्थवाल्यांनीच केलं असं सांगतात. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पेठ म्हणजे पेठ.

देशासाठी हाइनर १९२० ते १९३० मध्ये फक्त २१ सामने खेळला. कमी वाटतात ना? पण महायुद्धानंतर जर्मनीशी खेळायलाच बरेच देश तयार नव्हते. १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकला तिला बोलावलं नाही. इंग्लंडचा संघ तिच्याशी पहिल्यांदा खेळला तो १९३० साली. हाइनरच्या ऐन उमेदीची वर्षं अशी गेली, याची मला खरोखर हळहळ वाटते. २८ एप्रिल १९२९ ला तुरिनमध्ये इटलीला त्यांच्या घरात २-१ नं हरवलं, तो त्याचा मोठा दिवस.

ऑलिंपिक त्याला मिळालं एकच, १९२८ चं ॲमस्टरडॅम. स्वित्झर्लंडवर ४-०, मग ३ जूनला उरुग्वेकडून १-४. त्याच ॲमस्टरडॅममध्ये आठच दिवस आधी, २६ मेला, भारतानं हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं होतं. पाच सामन्यांत २९ गोल, अंगावर शून्य. त्या संघाचा गोलकीपर रिचर्ड ॲलन, जन्म नागपूरचा. नागपूरकर मंडळींनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

एक गोष्ट टाळून मला इथून खाली उतरता येणार नाही. हाइनरच्या शेवटच्या वर्षांत क्लुबचे प्रशिक्षक होते येनो कॉनराड, हंगेरीचे ज्यू. १९३२ मध्ये क्लुब उपांत्य सामना बायर्नकडून हरला आणि याच गावातून निघणाऱ्या नाझींच्या 'डेर श्ट्युर्मर' या वर्तमानपत्रानं त्यांच्यावर विखारी लेख छापला. बायको आणि लहान मुलीला घेऊन कॉनराड व्हिएन्नाला निघून गेले. १९३३ च्या एप्रिलमध्ये क्लबनं आपल्या ज्यू सभासदांना काढून टाकलं. त्यातले अनेक लोक वर्षानुवर्षं त्याच मैदानावर हाइनरला बघत आले असतील. मुलांनो, आजचं स्टेडियम आणि नाझींच्या मेळाव्याचं मैदान किती जवळ आहे, हे सामन्याला जाताना एकदा आईबाबांना विचारा.

हाइनरनं पुढे गावात 'झेबाल्डुसक्लाउझे' नावाची खानावळ चालवली. १२ सप्टेंबर १९६६ ला तो गेला. त्याआधी पाच वर्षं, १९६१ मध्ये, क्लुब पुन्हा एकदा फायनलला होता, डॉर्टमुंडविरुद्ध. क्लुब जिंकला, ३-०.