कोंबडी कापली गेली, क्रेट मात्र परत गेला

नमस्कार मंडळी! इंदूरकरांना डिसेंबर २०२० चे शेवटचे दिवस आठवत असतील. डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडत होते. नमुने भोपाळला गेले आणि निदान आलं एच५एन८, म्हणजे बर्ड फ्लू. तेव्हापासून बर्ड फ्लू म्हटलं की आपण आभाळाकडे बघतो. स्थलांतरित पक्षी हा रोग आणतात, हे खरंच आहे. पण पुढे तो टेम्पोतूनही फिरतो.

हा बघा कोंबड्यांचा क्रेट. जरा जवळून बघा. जाळीच्या भोकांत वाळलेली विष्ठा, तिला चिकटलेली पिसं. पहाटे टेम्पो फार्मवर जातो, क्रेट भरतो, दुकानोदुकानी माल उतरवतो आणि हेच क्रेट न धुता दुसऱ्या फार्मवर नेतो. लागण झालेल्या पक्ष्याच्या विष्ठेत विषाणू असतो, आणि थंडीत, ओलाव्यात तो बरेच दिवस टिकतो. कोंबडी कधीच कापली गेली, विषाणू मात्र पुढच्या फार्मच्या दारात!

दुकानातल्या पिंजऱ्याचंही तेच. काल उरलेल्या कोंबड्या आत, त्यांच्यातच आजचा नवा माल. पिंजरा कधी रिकामाच होत नाही. चुलीत सरपण सारत राहावं तसा विषाणूला रोज नवा पक्षी मिळतो. सोबत बदकं असतील तर आणखी जपायला हवं, कारण बदक आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकतं.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मग त्यांनी बदकं कोंबड्यांच्या बाजारातून हलवली, ठरावीक दिवशी बाजार रिकामे करून धुवायला लावले, आणि २००८ मध्ये जिवंत कोंबड्या दुकानात रात्रभर ठेवायलाच बंदी घातली.

मी दुकानदारावर खापर फोडत नाहीये. बातमी आली की पहिला धंदा त्याचाच बसतो. पण आठवड्यातून एक दिवस पिंजरा रिकामा ठेवावा, क्रेट आधी साबणानं घासावा आणि मगच जंतुनाशक मारावं. नुसतं घाणीवर ओतून उपयोग नाही. रात्री सराफ्यातली गर्दी पांगली की पहाटेपर्यंत रस्ते लख्ख करणाऱ्या आपल्या शहराला हे जमणार नाही?

रस्सा मात्र बिनधास्त खा, ७० अंशांवर नीट शिजलं की विषाणू मरतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे उडतात. आणि येत्या रविवारी दुकानात एवढं विचाराच: "भैया, क्रेट धुतला का?"