शिपाई दारात मावला पाहिजे

(दृश्य: ठाणे, नौपाडा. जुन्या सोसायटीच्या आवारात मुलं मातीचा किल्ला रचतायत.)

निवेदन:

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आवाराच्या कोपऱ्यात माती, विटा आणि गोणपाट जमू लागतं. किल्ला उभा राहतो, उतारावर अळीव पेरतात, आणि मग जुन्या बुटांच्या खोक्यातून मावळे बाहेर येतात. एक बोटभर, दुसरा वीतभर. पहारेकरी बुरुजापेक्षा उंच. महाराज सिंहासनावर बसलेले, तरी सगळ्यांत मोठे, आणि ते तसेच हवेत. किल्ल्यावर फूटपट्टी कुणी लावत नाही. जिथे मान मोठा, तिथे मूर्ती मोठी.

याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं एक टेबल आहे. सहा फूट बाय चार फूट. इथे मात्र फूटपट्टीशिवाय काही हलत नाही.

(दृश्य: टेबल. फासे, मोजपट्टी, हिरव्या गणवेशातले रंगवलेले शिपाई.)

हा वॉरगेम, म्हणजे टेबलावरची लढाई. एकेक शिपाई हाताने रंगवायचा, मोजपट्टीने चालवायचा, आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. आमची लढाई १९४४ सालची, ईशान्य सीमेवर जपानी सैन्याशी झालेली. मणिपूरमधल्या सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली, म्हणून ती आम्हाला जवळची. त्या आघाडीची रसद रेल्वेने दिमापूरला यायची. म्हणजे टेबलावर रेल्वे हवीच.

मी एक डबा आणला. खोक्यावर लिहिलं होतं एचओ. जगात सर्वांत जास्त चालणारं मॉडेल रेल्वेचं माप हेच, तेव्हा हेच चालेल असं धरून चाललो. रूळ मांडले, फलाट केला, डब्याच्या दारासमोर शिपाई ठेवला.

(दृश्य: अगदी जवळून. डब्याचं दार, त्यासमोर शिपाई.)

दाराची चौकट त्याच्या छातीपाशी संपत होती.

भाचा शेजारी उभा होता. म्हणाला, "मामा, हा आत जाणार कसा? रांगत?"

मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. महिनाभर रंगवलेला शिपाई आणि हौसेने आणलेला डबा, दोन्ही आपापल्या जागी सुंदर. शेजारी आले की दोन्ही खोटे.

त्या रात्री हिशेब मांडला. आमचा शिपाई २८ मिलिमीटरचा म्हणून विकला जातो. पण हे २८ बहुतेकदा पायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. साडेपाच फुटी माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५७ सेंटीमीटरवर असतात. भागाकार केला की येतं १:५६, एकास छप्पन्न, म्हणजे खऱ्या माणसाच्या छप्पन्नाव्या हिश्श्याएवढा. एचओ आहे १:८७. एचओच्या जगातला माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा. आमचा टाळूपर्यंत ३०, वर पायाखालच्या गोल बेसचे ३. शिवाय या शिपायांचे हात, डोकं, बंदूक मुद्दाम जाड घडवलेली असतात, म्हणजे दोन हातांवरूनही ओळखू यावीत. म्हणून तो मोजमापापेक्षाही थोराड दिसतो.

मॉडेल रेल्वेचं ब्रिटिश माप डबल ओ, १:७६, थोडं मोठं. तेही इथे अपुरं. त्याची खरी जोडी २० मिलिमीटरच्या किंवा १:७२ च्या प्लॅस्टिक शिपायांशी. ऐरोलीला आमचा एक मित्र १० मिलिमीटरचे शिपाई घेऊन जेवणाच्या टेबलावर अख्खी ब्रिगेड मांडतो. त्याला एन स्केल, म्हणजे १:१६० ची छोटी मॉडेल रेल्वे, असं बसतं की विचार करायलाच नको. छोट्या घरासाठी मी तीच जोडी सुचवीन.

पण आमचे शिपाई रंगवून झाले होते. ते बदलायचे नव्हते.

(दृश्य: पहाटेचं ठाणे स्टेशन. लोकल फलाटाला लागतेय.)

वाट सापडली ती गेजमध्ये. स्केल म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. ठाणेकराची तर हमखास. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याच गावात येऊन थांबली. रूळ म्हटलं की आम्हाला ब्रॉडगेजच दिसतो, १६७६ मिलिमीटरचा.

दिमापूरची रेल्वे मात्र मीटरगेज होती, दोन रुळांत एक मीटर. कलकत्त्याहून आलेला माल आताच्या बांगलादेशातल्या पार्वतीपूरला ब्रॉडगेजच्या डब्यांतून उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरावा लागे. पुढे गुवाहाटीजवळ अमीनगावला ब्रह्मपुत्रा आडवी. पूल नव्हताच, सराईघाटचा पूल झाला १९६२ मध्ये. डबे बोटीवर चढवून पलीकडे पांडूला न्यायचे, तिथून दिमापूर. स्टेशनचं त्या वेळचं नाव मणिपूर रोड. तिथून कोहिमा रस्त्याने सुमारे ७४ किलोमीटर.

आता एचओच्या रुळांतलं अंतर बघा. १६.५ मिलिमीटर. त्याला छप्पन्नच्या जवळच्या ६० ने गुणा. ९९० मिलिमीटर. जवळजवळ एक मीटर!

म्हणजे रूळ बरोबरच होते, चुकला होता तो डबा. अगदी १:५६ धरलं तर मीटरगेजला १७.९ मिलिमीटर हवेत. दीड मिलिमीटरचा हा फरक खडी पसरली की कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. चाकं किंचित लहान वाटतात, तेवढं मी मान्य केलं.

हीच युक्ती इतरत्र चालते. याच २८ मिलिमीटरच्या शिपायांसाठी ठाणे स्टेशन करायचं असेल तर ओ गेज या मोठ्या मॉडेल रेल्वेचा ३२ मिलिमीटरचा रूळ घ्या. भारतीय ब्रॉडगेजच्या हिशेबाने तो १:५२ पडतो. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी हवी असेल तर एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ चालवून घेता येतो, थोडा अरुंद पडतो एवढंच.

(दृश्य: सनबोर्ड, कटर, स्टीलची पट्टी. हात काम करतायत.)

एचओ मालडब्याची फक्त चाकांची चौकट ठेवली. वरचा डबा सनबोर्डचा, १:५६ ला. सहा मीटरचा चारचाकी मालडबा साधारण ११ सेंटीमीटरचा होतो. इंजिन आणि तीन डबे, एवढीच गाडी. त्यात उणं काही नाही. आमच्या नियमांत रायफलचा पल्ला २४ इंच आहे, शिपायाच्या मापाने अवघे ३४ मीटर. जिथे मैदानच आखडलेलं आहे तिथे गाडीही आखडलेली शोभते. उंचीत मात्र तडजोड नाही, कारण डोळा माणसाशी तुलना करतो, आणि माणूस दाराशी उभा असतो.

पुढच्या डावासाठी जीपही करायची आहे. १९४४ मध्येच, ब्रह्मदेशातल्या मोगाँगहून दक्षिणेकडे जाताना, सैन्याने जीपना लोखंडी चाकं लावून रुळांवर डबे ओढले होते. १:५६ ला जीप सहा सेंटीमीटरची.

दार कापताना बेसचे ३ मिलिमीटर धरले आणि उंची ३६ ठेवली. रंग वाळायला रात्र गेली. सकाळी भाचा शाळेला जायच्या आधी वर आला, दप्तर पाठीवरच. त्याने शिपाई उचलला आणि बेससकट दारातून आत सरकवला. हेल्मेट चौकटीला लागलं नाही. मग दुसरा, तिसरा. चार मावले. पाचवा हातात धरून तो म्हणाला, "मामा, अजून एक डबा लागेल."