सही नसलेलं काम

(विस्तार शिक्षकांच्या, म्हणजे शेतीचं ज्ञान गावोगाव शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्यांच्या, संस्थेच्या वार्षिक सभेतील व्याख्यान, संपादित)

मित्रहो,

काही वर्षांपूर्वी मी पुरस्कार निवड समितीत होतो. टेबलावर फायलींचा ढीग होता. अर्जात एक रकाना होता, ‘आपले उल्लेखनीय योगदान’. बहुतेकांनी त्याला पुरवण्या जोडल्या होत्या. एका बाईंनी मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘माझ्या भागातल्या दोन गावांत शेतकरी महिला मातीचा नमुना आता स्वतः काढतात. त्यासाठी मला बोलावत नाहीत.’ फोटो नव्हते, बातमीचं कात्रण नव्हतं, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स नव्हत्या. ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून आम्ही ती फाइल बाजूला ठेवली. तो शेरा माझ्या अक्षरातला आहे.

पण त्या ओळी डोक्यातून जाईनात. काही महिन्यांनी मी बाईंना फोन केला आणि विचारलं, तुमचा एखादा वर्ग बघायला येऊ का? त्या म्हणाल्या, “या ना सर. फक्त मागे बसायचं आणि काही बोलायचं नाही.” हे गाव त्यांच्यासाठी नवं होतं, म्हणजे मला सगळं पहिल्यापासून बघायला मिळणार होतं.

शेतात दहा-बारा जणी जमल्या होत्या. नमुना कसा काढायचा हे बाईंनी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, “सगळ्या रानाचा अंदाज ओंजळभर मातीवरून घ्यायचा असेल, तर ती माती कुठनं कुठनं उचलाल?” एक जण सरळ झाडाखाली गेली. बाई गप्प. दुसरी म्हणाली, “तिथली नको गं, तिथं पाला कुजतो. ती काय सगळ्या रानाची माती नव्हे.” मग तिसरीला खताचा ढीग पडायचा ती जागा आठवली, चौथीने बांधाकडेची पट्टी सोडायला सांगितली. कुठून माती घ्यायची नाही याची यादी त्यांची त्यांनीच केली आणि नागमोडी चालत जागा धरल्या.

खड्डा खणायची वेळ आली तेव्हा एक तरुण मुलगी वरवरची माती खरवडून घमेल्यात टाकू लागली. मी बाईंच्या मागेच होतो, म्हणून मला दिसलं. बाईंचा हात कुदळीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. दोन-तीन क्षण गेले असतील. शेजारची म्हातारी त्या मुलीला म्हणाली, “पिकाची मुळं काय वरच असत्यात?” मग खड्डा वीतभर खोल झाला, व्ही आकाराचा, आणि त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत मातीची सारखी चकती निघाली. सगळ्या खड्ड्यांतली माती गोणपाटावर एकत्र केली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेली पुन्हा मिसळली, पुन्हा चार भाग, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. “एवढी टाकायचीच होती तर गोळा कशाला केली?” असा प्रश्न आला तेव्हा बाई पहिल्यांदा सलग बोलल्या. घमेल्यातली वरची ओंजळ शेवटच्या खड्ड्याचीच असते, आणि चार भाग करून टाकत गेलं की उरलेल्या मातीत प्रत्येक खड्ड्याचा वाटा राहतो, एवढंच त्यांनी समजावलं. मी घड्याळ लावून बसलो होतो. पाऊण तासात बाई सहा-सात मिनिटं बोलल्या असतील.

तो अर्ध्यावरून परत आलेला हात मी तेव्हापासून विसरलो नाही. ती कुदळ उचलायची नाही, हे कळायला त्या बाईंची किती वर्षं गेली असतील! आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं? कुणी लिहिलं असतं, तरी माझ्यासारख्या परीक्षकाला ते वाचता आलं असतं का?

आपल्या पेशाची खरी अडचण मला इथे दिसते. शस्त्रक्रिया केली की डॉक्टरचं नाव राहतं, पूल बांधला की अभियंत्याचं राहतं. विस्ताराचं काम जितकं चांगलं उतरतं तितकं ते करणाऱ्याचं नाव पुसलं जातं. शेतकरी म्हणतो, हे मीच केलं. त्याने तसं म्हणणं हेच तर आपलं यश. म्हणून मान्यतेची अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येत नाही, आणि वरिष्ठांपर्यंत पोचतो तो फक्त अहवाल. या कामाचं मोल ओळखू शकतील असे फक्त आपण उरतो, एकमेकांचे सहकारी. आणि आपल्यालाही ते ओळखायला शिकावं लागतं.

हे पहिल्यापासून असंच आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये भिंतींबाहेरचं शिक्षण अधिकृतपणे हाती घेतलं. ‘विस्तार’ हा शब्द तिथून रूढ झाला आणि त्यामागे होते जेम्स स्टुअर्ट. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे ते कामगारांपुढे व्याख्यानं देत असत. एकदा जायची घाई होती, म्हणून त्यांनी सभागृहाच्या रखवालदाराला सांगितलं की भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच राहू दे. पुढच्या खेपेला आले तर कळलं, लोकांनी आठवडाभरात त्या आकृत्यांवर चर्चा केली होती, आणि काही जणांना व्याख्यानाआधी भेटून प्रश्न विचारायचे होते. स्टुअर्टना ती बैठक इतकी उपयोगी वाटली की व्याख्यानाला वर्गाची जोड देणं ही त्यांची रीत झाली. विचार करा, आपल्या पेशातली एक मोठी पद्धत शिक्षक गावात नसताना जन्माला आली.

दुसरं उदाहरण टेक्सासमधल्या टेरेलचं, १९०३ सालचं. बोंडांत शिरणारा सोंडकिडा त्या काळात तिथला कापूस उद्ध्वस्त करत निघाला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याचे सीमन नॅप यांना अनुभवाने कळलं होतं की सरकारी शेतावर सरकारी माणसांनी काढलेलं पीक बघून शेजारचा शेतकरी हलत नाही. सरकारचं आहे, त्यांना काय कमी, असं तो म्हणतो. म्हणून प्रात्यक्षिक वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या जमिनीवर आणि त्याच्याच हातांनी झालं. तोटा झाला तर भरून द्यायला गावातल्या लोकांनी निधी उभारला होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. अमेरिकेत १९१४ साली कायद्याने विस्तार सेवा उभी राहिली, तिच्या पायाशी हे शेत आहे. ते आजही ‘पोर्टरचं शेत’ म्हणूनच ओळखलं जातं, आणि ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्याचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात हे बियाणं स्वीकारलं होतं. पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, याला सर्वाधिक उत्तरं बियाणं विक्रेत्याची आली. पटलं कुणामुळे, याला सर्वाधिक उत्तरं शेजाऱ्याची. त्या बियाण्याचा प्रचार विस्तार सेवाही करत होती, पण दोन्ही उत्तरांत पहिलं नाव तिचं नव्हतं. आता तेरा वर्षांचा तो बदल एका वर्षाच्या गोपनीय अहवालात कसा मावणार?

मावत नाही, म्हणून आपण दुसरंच काहीतरी मोजायला लागतो. क्लॉड बेनेट यांनी १९७५ मध्ये विस्तार कार्यक्रमाच्या मूल्यमापनाची सात पायऱ्यांची शिडी मांडली, ती आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केली आहे. साधनं, उपक्रम, लोकांचा सहभाग, त्यांची प्रतिक्रिया, मग ज्ञान-वृत्ती-कौशल्य यांतला बदल, मग प्रत्यक्ष पद्धतीतला बदल आणि सर्वात वर अंतिम परिणाम. आता आपल्या पुरस्काराचा अर्ज काढून बघा. किती मेळावे, किती शिबिरं, किती उपस्थिती. तिसऱ्या पायरीवर अर्ज संपतो. त्या बाईंच्या दोन ओळी सहाव्या पायरीवरच्या होत्या आणि आम्ही तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्यांना अपुरं म्हणालो.

तरुण सहकाऱ्यांसाठी माझ्या एका प्रात्यक्षिकाची हकीकत सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला सुधारित वाणाचं प्रात्यक्षिक घ्यायचं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून मी रस्त्याकडेचं शेत निवडलं. शेतकरी हौशी, जमीन भारी, पाण्याची सोय पक्की. पीक नजर लागावी असं आलं. शिवारफेरीला गर्दी झाली, मी उपस्थितीचा आकडा लिहिला, अहवालावर ‘यशस्वी’ असा शेरा मिळाला आणि एक प्रशस्तिपत्रही. पुढच्या वर्षी त्या गावात तो वाण कुणीही पेरला नाही. एका शेतकऱ्याला कारण विचारलं तर म्हणाला, “साहेब, त्याच्या रानात काहीही येतं. आमच्या माळावर करून दाखवा.” शेत निवडतानाच मी हरलो होतो. ही गोष्ट मी कुठे लिहिली नाही, कारण लिहायला जागा नव्हती आणि प्रशस्तिपत्र भिंतीवर होतं. माझ्या जागी पुढे जो आला त्यानेही रस्त्याकडेचं शेत निवडलं. त्याला मी काय सांगणार होतो?

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की अर्जात एक पान फसलेल्या कामासाठी असावं. काय योजलं, काय झालं, का झालं, पुढे काय बदललं. हे पान कोरं असेल तर अर्ज अपूर्ण समजावा. चूक कबूल करणाऱ्याची किंमत कमी होईल अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटतं. ज्याला आपलं फसलेलं काम नीट उलगडून सांगता येतं, त्याला काम कळलं आहे.

आता व्यावसायिक विकासाकडे येतो. तो शब्द उच्चारला की आपल्याला सभागृह, सादरीकरण आणि शेवटी प्रमाणपत्र आठवतं. सभागृहातलं प्रशिक्षण वाईट नाही. नवा कीटक आला, नवं अ‍ॅप आलं, तर माहिती घ्यायला एकत्र बसायलाच हवं. १९७० च्या दशकात डॅनियल बेनोर यांच्या ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धतीत दर पंधरवड्याला कार्यकर्त्याचं प्रशिक्षण आणि ठरल्या दिवशी शेतकऱ्याची भेट असा नेम होता. त्यात संदेश वरून खाली वाहत राहिला हा तिचा दोष, पण शिकणं आणि शेतावर जाणं यांच्यात पंधरा दिवसांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही ही त्यातली शिस्त आपण उगाच सोडून दिली.

मला सर्वात जवळचा वाटतो तो इंडोनेशियाचा मार्ग. तिथे १९८९ मध्ये भातावरच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. शेतीशाळा चालवणाऱ्यांना आधी स्वतः पूर्ण हंगाम भाताचं पीक घ्यावं लागे, चिखलात उतरून. शेतकऱ्यांचे गट दर आठवड्याला शेतात जाऊन झाडं, किडी आणि मित्रकिडी मोजत, दिसलं त्याचं चित्र काढत आणि त्यावर वाद घालून मग निर्णय घेत. आपल्यापैकी किती जणांनी, ज्या पिकाबद्दल आपण बोलतो, ते गेल्या पाच वर्षांत एकदा तरी पेरणीपासून काढणीपर्यंत स्वतः सांभाळलं आहे? हा प्रश्न मी मलाही विचारतो आहे.

एवढं सगळं लगेच जमणार नाही. जोड्या मात्र लावता येतील. दोन सदस्यांची जोडी, हंगामात दोन वेळा एकमेकांच्या कामाला हजर राहायचं. बघणाऱ्याने मागे बसायचं, बोलायचं नाही, आणि तीन गोष्टी टिपायच्या: शिकवणारा किती मिनिटं बोलला, शिकणाऱ्यांचे हात किती मिनिटं कामात होते, आणि शिकवणाऱ्याचा हात कुठे अर्ध्यावरून परत आला किंवा यायला हवा होता. संध्याकाळी चहावर ते वाचून दाखवायचं. यातली एक ओळही वरिष्ठांकडे जाणार नाही, हे संस्थेने लेखी द्यावं. त्याशिवाय कुणी मोकळेपणाने शिकवणार नाही. पुरस्कारासाठी नाव सुचवायचं तर या बघणाऱ्याने सुचवावं. आज ज्याला हवा तोच अर्ज भरतो आणि ज्याला स्वतःबद्दल लिहायचा संकोच वाटतो तो कायमचा मागे राहतो. क्षेत्रीय कार्यकर्त्यांत असे फार आहेत, आणि आपल्या मंचावर मी त्यांना फारच कमी पाहिलं आहे.

संशोधन निबंधांबद्दल गैरसमज नको. ते हवेतच. पण निबंध लिहिण्याइतका निवांत वेळ ज्यांच्या नोकरीत आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे आधीच बरेच सन्मान आहेत. गावोगाव फिरणाऱ्याला निदान अधिवेशनाला यायचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. पुरस्कार मिळाला तर नुसतं स्मृतिचिन्ह देऊन थांबू नये, त्याच्या कार्यालयाला संस्थेच्या सहीचं सविस्तर पत्र जावं, काय बघितलं आणि ते कठीण का होतं हे सांगणारं. पदोन्नतीच्या वेळी ते पत्र फाइलीत सापडेल, स्मृतिचिन्ह सापडणार नाही.

त्या बाईंना पुढे पुरस्कार मिळाला का, असं मला दोन-तीन वेळा विचारलं गेलं. नाही मिळाला. त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही आणि आपल्या नियमांत दुसऱ्या कुणाला तो करता येत नव्हता. हा नियम बदलण्याचा ठराव आज दुपारच्या सत्रात आहे, सूचक म्हणून मी सही केली आहे, अनुमोदक हवा आहे.

जोड्यांसाठीचा कागद बाहेर नोंदणीच्या टेबलावर आहे. पहिलं नाव माझं आहे. येत्या हंगामाआधी मी बियाण्याच्या उगवणशक्तीची चाचणी शिकवणार आहे, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून. मला जास्त बोलायची सवय आहे, त्यामुळे माझ्यासमोर घड्याळ घेऊन बसेल असा जोडीदार हवा. कुणी तरुण असेल तर बरं.