ओव्हल: दोन काळांमधलं मैदान

वरून पाहिलं की आधी दिसतात ती पांढऱ्या कपड्यांतली पोरं. एका सामन्याच्या मिडविकेटला दुसऱ्या सामन्याची स्लिप उभी. मुंबईचं ओव्हल मैदान.

ही जागा मोकळी राहिली ती तोफांमुळे. कोटाच्या तटावरून मारा करायला समोर पल्ला हवा, म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरचा पट्टा रिकामा ठेवला. एस्प्लनेड म्हणत त्याला. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. लढाईची भीती सरली होती, कोटाच्या आत माणसं कोंबली गेली होती. त्यांनी तट पाडायला घेतला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाचं सोनं झालं. त्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून मैदानाच्या पूर्वेचा हा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. नाव त्यांच्या आईचं, राजाबाई. उंची २८० फूट, दगड कुर्ल्याचा. आता वर पाहा: पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे. आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत.

शेजारी उच्च न्यायालय. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती इथेच.

तेव्हा मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. पुढे बॅकबेचा भराव पडला, आणि १९३०च्या दशकात पश्चिमेला ही इमारतींची दुसरी रांग आली. सिमेंट-काँक्रीट, गोलावलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर लांब छज्जे, कोपऱ्यावर इरॉस सिनेमा. ती कर्वे रोडवर, समोरची टोकदार कमानींची गॉथिक रांग, म्हणजे मनोरा आणि न्यायालय, भाऊराव पाटील मार्गावर. महर्षी आणि कर्मवीर, मध्ये खेळणारी पोरं. हे मला फार आवडतं.

दोन्ही रांगा अशा समोरासमोर दिसतात त्या मधे कुणी काही बांधलं नाही म्हणून. २०१८ मध्ये युनेस्कोने या इमारती जागतिक वारसा ठरवल्या, तेव्हा मैदानही त्यात धरलं. त्याआधी, नव्वदच्या दशकात, त्याची पार रया गेली होती. आसपासचे रहिवासी पुढे आले, त्यांनी देखभाल अंगावर घेतली.

जुन्या एस्प्लनेडचे आज चार तुकडे आहेत: कुपरेज, ओव्हल, क्रॉस, आझाद. कुपरेजवर फुटबॉलचं स्टेडियम झालं, आझाद मैदानाच्या कडेला जिमखाने बसले. ओव्हलला कुंपण आहे, पण तिकीट नाही. स्टम्प घेऊन यायचं, जागा मिळेल तिथे रोवायचे. इथे एकही वीट चढता कामा नये.