मोरीचा पडदा, खिडकीतली टोपली

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतली एकेक खोली 160 चौरस फुटांची. तिथे मुलगी वयात येते तेव्हा तिला वेगळी खोली मिळत नाही. मोरीला जाडसा पडदा लागतो, आणि ज्या गॅलरीत ती कालपर्यंत सागरगोटे खेळत होती, त्याच गॅलरीतून तिला दिवेलागणीच्या आत घरात बोलावले जाते. मुंबईतल्या बाईचे मोठे होणे पडद्यावर दाखवायचे, तर दिग्दर्शकाला आधी हे चौरस फूट मोजावे लागतात.

रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (2013) या चित्रपटातली इला बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच दिसते. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटींशी तिचे बोलणे खिडकीतून चालते आणि त्यांच्याकडचा मसाला दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली येतो. आंटी मात्र शेवटपर्यंत दिसत नाहीत. ऐकू येतो तो फक्त भारती आचरेकरांचा आवाज. त्या आवाजाला चेहरा दिला असता, तर इलाचे एकटेपण निम्मे झाले असते, असे आम्हाला वाटते. तिने भरलेला डबा रोज लोकलने शहर ओलांडतो, आणि ती ओट्यापाशीच उभी राहते.

रोहेना गेरा यांच्या ‘सर’ (2018) मधली रत्ना ही तरुण विधवा गावाहून मुंबईला निघते, तेव्हा वाटेत हातात बांगड्या चढवते. गावाची नजर कुठे संपली, हे सांगायला संवाद लागत नाही. मुंबईतल्या प्रशस्त फ्लॅटमध्ये तिच्या वाट्याला येते ती नोकराची लहानशी खोली.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. छाया कदम यांनी साकारलेली पार्वती रुग्णालयात स्वयंपाकाचे काम करते. नवऱ्यामागे राहत्या खोलीचा एकही कागद हाती नसल्याने बिल्डरपुढे तिचे काही चालत नाही, आणि अखेर ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. त्याच रुग्णालयातली तरुण नर्स अनु मुस्लिम प्रियकराच्या घरी जाता यावे म्हणून बुरखा विकत घेते, तो घालून निघतेही. पण पावसाने गाड्या बंद पडतात आणि भेट राहून जाते. एवढ्या मोठ्या शहरात न मिळालेला एकांत तिला मिळतो तो पार्वतीच्या गावी, समुद्रालगतच्या झाडीत.