साडेअठ्ठावीस सेंटीमीटरची सोंड

[दृश्य: लाकडी खण हळूच बाहेर ओढला जातो. आत टाचणीला टोचलेल्या पतंगांच्या रांगा.]

नवी प्रजाती सापडली म्हटलं की डोळ्यांसमोर जंगल येतं. पाऊस, चिखल, हातात जाळी. ही गोष्ट मात्र बरीचशी खणांमध्ये घडते. लंडन आणि पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयांतले खण, आणि त्यात पंख पसरून वर्षानुवर्षं पडून असलेले पतंग.

त्यातलाच हा एक. तपकिरी, करडा, तळहाताएवढा. काचेच्या कपाटात ठेवला तर तुम्ही त्याच्यासमोर थांबणारही नाही. २०२१ साली याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. नाव झँथोपॅन प्रेडिक्टा. राहणार मादागास्कर, आफ्रिकेच्या पूर्वेचं ते मोठं बेट.

त्याची ओळख करून घ्यायची तर आधी एका फुलाकडे जावं लागतं.

[दृश्य: झाडाच्या खोडावर वाढलेलं ऑर्किड. पांढरं, चांदणीसारखं फूल. कॅमेरा मागच्या नळीवरून सावकाश खाली सरकतो.]

जानेवारी १८६२. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या आपल्या घरी चार्ल्स डार्विनला एक खोकं मिळतं. जेम्स बेटमन या ऑर्किडच्या शौकिनाने फुलं पाठवली आहेत. त्यात हे मादागास्करचं ऑर्किड, मेणाचं केल्यासारखं. फुलामागे एक हिरवट नळी लोंबते आहे. डार्विन ती मोजतो: साडेअकरा इंच! म्हणजे २९ सेंटीमीटर, आपल्या झेरॉक्सच्या कागदाच्या उंचीएवढी. आणि मकरंद कुठे, तर तळाच्या फक्त दीड इंचात.

मित्राला, जोसेफ हुकरला, लिहिलेल्या पत्रात डार्विन विचारतो, अरे देवा, हे चोखणार तरी कोणता कीटक?

मग त्याने स्वतःच कीटक व्हायचं ठरवलं. जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची एक दांडी त्याने फुलाच्या खाचेतून नळीत सरकवली आणि बाहेर काढली. परागांचे पुंजके दांडीला चिकटून आले. हे होण्यासाठी पतंगाची सोंड मुळापर्यंत आत दाबली जायला हवी. नळी आखूड असती तर पतंग लांबूनच मकरंद पिऊन गेला असता, पराग न घेता. म्हणून डार्विनने छापून टाकलं की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग असलाच पाहिजे.

काही कीटकतज्ज्ञांनी त्याची टिंगल केली. ड्यूक ऑफ आर्गाइल या ब्रिटिश उमरावांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांना या फुलात उत्क्रांती नव्हे, तर निर्मात्याची करामत दिसत होती. त्यांना उत्तर दिलं आल्फ्रेड रसेल वॉलेसने, १८६७ साली. डार्विनसारखाच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडणारा हा निसर्गशास्त्रज्ञ. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन त्याने आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा एक हॉक मॉथ (जाड अंगाच्या, वेगाने उडणाऱ्या पतंगांच्या कुळातला), आजचा झँथोपॅन मॉर्गनाय, काढला. सोंड मोजली. साडेसात इंच. आणखी दोन-तीन इंच वाढली की काम झालं! मादागास्करला जाणाऱ्यांनी हा पतंग शोधावा, असं त्याने लिहिलं, खगोलशास्त्रज्ञांनी आधी भाकीत करून नेपच्यून ग्रह शोधला तितक्याच खात्रीने.

इथे जरा थांबू या. लोक याला ‘डार्विनचा पतंग’ म्हणतात. पण डार्विन नुसताच ‘पतंग’ म्हणाला होता. तो हॉक मॉथ असेल, कोणाचा नातलग असेल, हे सांगितलं वॉलेसने. नावाच्या वाटणीत वॉलेसच्या पदरात नेहमी कमीच पडलं आहे.

[दृश्य: जुन्या छापील पानावरचं लॅटिन नाव.]

१९०३. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड आणि कार्ल जॉर्डन या कीटक-अभ्यासकांच्या हाती मादागास्करचे नमुने आले. लांब सोंड, पोटाकडून गुलाबी झाक. त्यांनी नाव ठेवलं प्रेडिक्टा, म्हणजे भाकीत केलेला. डार्विन जाऊन एकवीस वर्षं झाली होती, वॉलेस हयात होता.

पण त्यांनी त्याला प्रजाती म्हटलं नाही. मॉर्गनायचीच बेटावरची उपप्रजाती, एवढंच. या नोंदीखाली तो ११८ वर्षं राहिला. दरम्यान १९९०च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल यांनी हा पतंग खरोखर याच फुलावर येतो आणि पराग नेतो, याचा पुरावा मिळवला. तेव्हाही त्याचा दर्जा तोच.

[दृश्य: अंधार. पंखांची घरघर. गुंडाळलेली सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी उलगडते.]

ही सोंड म्हणजे दोन पन्हळी. कोशातून बाहेर आल्यावर पतंग त्या एकमेकींत अडकवून नळी तयार करतो. ती इतकी लांब का झाली? डार्विनचं उत्तर शर्यतीचं: नळी वाढली की सोंड वाढते, सोंड वाढली की नळी. वासरथाल यांचं उत्तर भीतीचं: फुलांत कोळी दबा धरून असतात, म्हणून दूर राहून, हेलकावे घेत पिणारा पतंग वाचतो. सोंड आधी वाढली, फुलं मागून आली. मला दुसरं जास्त पटतं, पण अंधारातला हा वाद मिटलेला नाही.

२०२१ साली फ्रान्स आणि ब्रिटनच्या पाच अभ्यासकांनी खण पुन्हा उघडले. बेटावरचे आणि मुख्य भूमीवरचे पतंग शेजारी ठेवून मोजले. बेटावरच्यांची सोंड सरासरी ६.६ सेंटीमीटरने जास्त. डीएनएचा ठरावीक तुकडा ताडून पाहिला तर फरक ७.८ टक्के; एका प्रजातीत तो सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आत असतो. मधला समुद्र चारशे किलोमीटरांहून रुंद. एका नराची सोंड भरली २८.५ सेंटीमीटर. कीटकांमध्ये याहून लांब सोंड आजवर कोणाची मोजलेली नाही.

[दृश्य: नवी चिठ्ठी टाचणीला लावली जाते.]

नामकरणाचा एक नियम आहे. उपप्रजातीला बढती मिळाली, तरी मान पहिल्यांदा नाव ठेवणाऱ्यांचाच. त्यामुळे या नव्या प्रजातीच्या पुढे लिहायचं: रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन, १९०३. त्या पाच जणांपैकी एकाचंही नाव चिठ्ठीवर येत नाही.

[दृश्य: खण बंद होतो.]